उशाखालचा हिरा

माझा साखरपुडा निश्चित झाला, तेव्हा वधूपक्षाने मानपान, आहेर किंवा जेवणावळ यांपैकी कशाविषयीही अट घातली नाही. इच्छा एकच कळविण्यात आली आणि तीही स्वतः वधूने, म्हणजे पुनमने, फोनवरून कळविली. अंगठी दुकानातील तयार नसावी. लातूरला गंजगोलाईच्या बाजारात त्यांच्या घराचे जुने सोनार वीरभद्र पांचाळ बसतात, त्यांच्या हातची असावी आणि मध्ये एक लहानसा हिरा असावा. हिरा मात्र तुम्ही निवडा, असे ती म्हणाली. ‘तुम्ही’ या शब्दावर ती किंचित थांबली, असा मला भास झाला, आणि त्या थांबण्याने माझ्या मनाची शांती गेली ती गेलीच.

पुनम लातूरच्या एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकविते. तिच्या हाताखालून गेलेली मुले आज डॉक्टर होऊन गळ्यात नळी घालून फिरतात. मी मात्र दहावीच्या पुढे गेलो नाही. वडील आजारी पडले आणि अर्धापूरची केळीची वखार माझ्याकडे आली. वाचनाची आवड मी ग्रंथालयाच्या आधारे टिकवून ठेवली आहे, तथापि पदवी ती पदवीच. अशा मुलीने मजसारख्याला होकार का दिला, हा प्रश्न मी कोणालाही विचारला नव्हता, कारण त्याचे उत्तर ऐकण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते. निदान हिरा तरी असा निवडावा की आयुष्यभर तो बोटात पाहताना तिला आपल्या होकाराचा पश्चात्ताप होऊ नये, एवढाच माझा हेतू होता.

नांदेडच्या सराफ्यात अमृतरावांचे दुकान आहे. आमच्या घरातील सोने आजोबांच्या काळापासून तेथेच घेतले जाते. अमृतरावांनी कपाटातून पांढऱ्या कागदाच्या घड्या काढल्या आणि एकेक घडी उलगडून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक घडीत एक खडा होता. मी दिव्याखाली वाकून पाहू लागलो, तोच त्यांनी कागद उचलला आणि मला दुकानाच्या दाराशी उजेडात नेले.

“दिव्याखाली काच बी हिरा दिसती, मालक. हितं बघा.”

दाराशी पाहिल्यावर खडे निरनिराळे दिसू लागले. एकाच्या पोटात काळसर ठिपका होता. एक मोठा असूनही मंद होता, जणू तो कोणाच्या तरी सांगण्यावरून चमकत होता. एक मात्र आकाराने लहान असून त्याचे पाणी असे निर्मळ होते की मी भिंग डोळ्याला लावले ते काढवेना. अमृतरावांनी त्याच्यावर फुंकर घालून दाखविली. वाफ क्षणात उडाली; काचेवर ती रेंगाळते. खाणीतला हवा की प्रयोगशाळेतला, असेही त्यांनी विचारले. हल्ली दोन्ही मिळतात आणि डोळ्यांना भेद कळत नाही. मी खाणीतलाच म्हणालो. त्यांनी पैशांचा विषय काढला नाही. घरी दाखवा, मग ठरवू, असे म्हणून त्यांनी घडी माझ्या हातावर ठेवली. ओळखीच्या घराला खडा असा पाहायला देण्याची त्यांची रीत आहे.

ही रीत का पडली असावी, ते मला घरी गेल्यावर कळले.

माझी आई पार्वतीबाई हिने खडा पाहिला, चांगला आहे म्हणाली आणि तसाच तो कागदात गुंडाळून मला परत दिला. हिरा सर्वांनाच लाभतो असे नाही, असे तिचे म्हणणे पडले. धर्माबादच्या चतुरामावशीने हौसेने हिऱ्याची चमकी नाकात घातली आणि त्याच महिन्यात तिच्या दोन म्हशी आटल्या, हा दाखला तिने दिला. मी म्हणालो की म्हशी आटण्याची अन्य कारणेही असू शकतात. आईने ते ऐकून घेतले.

“असतील. पन तीन रात्री खडा उशाखाली ठिवायला काय जातंय? चांगली झोप लागली, वंगाळ सपान पडलं न्हाई, तर खडा आपला.”

“घालणार ती अन् झोपू मी?”

“तिला आत्ताच देता येतंय का? साखरपुड्याआधी वस्तू दाखवू न्हाई. तू तिचा अर्धा हायस. झोप.”

मी सुशिक्षित नसलो तरी असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असे मी स्वतःस नेहमी सांगत आलो आहे. पण पुनमच्या बोटात जाणारी वस्तू, आणि तिच्याविषयी मनात संशयाचा कण राहावा, हेही मला सहन होईना. म्हणून मी खडा उशाखाली ठेवला.

झोप लागली नाही. एवढी मौल्यवान वस्तू डोक्याखाली असताना कोणाला लागेल, असे वाचक म्हणतील. मीही तेच म्हणत होतो. परंतु दुसऱ्या रात्रीही डोळा लागला नाही, आणि जागेपणी माझ्या मनात खड्याचा विचार येत नव्हता. मनात येत होती पुनम. मी तिला पाहायला गेलो त्या दिवशी तिने मला पुस्तकांविषयी विचारले होते, आणि मी दिलेल्या उत्तरावर तिने मान हलविली होती. ती मान संमतीची होती की दयेची, याचा मी कूस बदलून बदलून विचार करीत होतो. सकाळी आईने चहा देताना विचारले आणि मी खोटे बोललो नाही. खडा परत गेला.

अमृतरावांनी तो बिनतक्रार घेतला. खडा परत येण्यात नवल काही नाही, असे म्हणाले आणि दुसरा दिला. तोही उत्तम होता. त्या रात्री मला झोप लागली आणि मी आनंदलो असतो, परंतु पहाटे स्वप्न पडले. पुनम हातात लाल पेन घेऊन उत्तरपत्रिका तपासत होती आणि ती उत्तरपत्रिका माझी होती. आई म्हणाली, लाल रंग दिसला ते बरे नाही. त्यातच वखारीतील एका खोलीतील केळी डाग पडून लवकर पिकली आणि व्यापाऱ्याने माल उतरवून घेतला नाही. खोली थंड ठेवणाऱ्या यंत्रातील बिघाडाने ते झाले होते. दुरुस्त करणाऱ्याने बिघडलेला भाग हातावर ठेवून दाखविला. तरीही मी दुसरा खडा घेऊन नांदेडला गेलो. माझा त्या भागापेक्षा स्वप्नावरच अधिक विश्वास बसला होता.

तेथे कळले की पहिला खडा विकला गेला. धर्माबादच्या एका व्यापाऱ्याने तो मुलीसाठी घेतला होता. मी परत केलेली वस्तू दुसऱ्याने एका भेटीत घेतली आणि त्याच्या मुलीला ती लाभणार, हे मला जणू डोळ्यांसमोर दिसले. त्या आकाराचा आता एकच खडा शिल्लक होता. अमृतरावांनी तो दाखविला, पण त्यांचा स्वर बदलला होता.

“मालक, पुढच्या खेपेला गादी बी घेऊन या. भिंगाखाली धरून बघू, खोट कुठं हाय ती.”

दुकानातील दोन ग्राहक हसले. मी हसलो नाही, आणि खडा घेऊन दाराशी गेलो. त्यात किंचित पिवळी झाक होती. वखारीत पिवळा रंग पाहिला की मला समाधान होते. येथे त्याच रंगाने मला खजील केले. माझ्या बेचैनीने मी चांगल्याकडून कमीकडे येऊन पोहोचलो होतो, आणि तरी खडा खिशात घालून मी घरी निघालो.

या काळात पुनमशी माझे फोनवर बोलणे होत असे. मी तिला पैलू, पाणी, भिंग यांविषयी सविस्तर सांगत असे. उशाखालचा प्रकार अर्थातच सांगितला नव्हता. ती ऐकत असे. मध्येच काही बोलायला सुरुवात करी, आणि मग वर्ग सुरू होतोय म्हणून फोन ठेवी. हिऱ्याविषयीचे माझे ज्ञान तिला तोकडे वाटत असावे, असा मी अर्थ काढला आणि पुढच्या वेळी अधिक माहिती गोळा करून बोललो.

तिसऱ्या खड्यावरही झोप नाही. शेवटी वीरभद्र पांचाळांचाच फोन आला.

“जावईबापू, सोनं घेऊन बसलोय, पन खड्याबिगर हात लावता येत न्हाई. कोंदण खड्याच्या अंगाबरहुकूम कोरावं लागतंय. येत्या दोन-चार दिवसांत न्हाई आला, तर दुकानातली तयार अंगठी घ्या अन् पोरीला तसं तुम्हीच सांगा.”

तिने मागितलेली एकमेव गोष्ट मला देता येणार नाही, असे चित्र उभे राहिले. तेव्हा मी एक निर्णय घेतला. अंगठी जी घालणार, तिनेच खडा उशाखाली ठेवून पाहावा. रीत मोडली तरी चालेल. आईला एवढेच सांगितले की लातूरला जाऊन येतो, आणि सकाळची लाल गाडी धरली.

खडा मी सदऱ्याच्या आतील खिशात ठेवला होता आणि लोह्यापर्यंत माझा हात छातीवरून निघाला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, मग मला खिडकीची जागा दिली, पाणी पाजले आणि कंडक्टरला हाक मारून सांगितले की या माणसाच्या छातीत दुखतंय, अहमदपूरच्या दवाखान्याशी गाडी थांबवा. मला काही झालेले नाही हे पटविता पटविता मला घाम फुटला आणि त्यामुळे त्यांची खात्रीच झाली. चाकूर येईपर्यंत ते माझी नाडी धरून बसले होते.

वीरभद्रांचे दुकान म्हणजे गोलाईतील कमानीखालची एक अरुंद जागा. ते भट्टीपाशी बसलेले होते. पुनमला मी आधी फोन केला होता. ती दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत आली. तिच्या बोटांना निळी शाई लागलेली होती. मला पाहून ती थोडी हसली, आणि तिच्या डोळ्यांखाली काळे आलेले आहे हे माझ्या लक्षात आले.

मी घडी उलगडली नाही. प्रथम मी तिला सर्व हकिकत क्रमवार सांगितली. पहिला खडा, दुसरा, तिसरा, मावशीच्या म्हशी, लाल पेन, सर्व. अखेरीस म्हणालो की हा खडा तुम्ही घरी न्यावा, तीन रात्री उशाखाली ठेवावा आणि झोप कशी लागते ते मला कळवावे. त्यावर अंगठी अवलंबून आहे. वीरभद्रांच्या हातातील फुंकणी थांबली होती. म्हशींपाशी पुनमला हसू आले होते, लाल पेनापाशी ती तोंडावर हात ठेवून हसली होती. आता मात्र तिचे हसू गेले.

“मला तर लग्नाची तारीख काढल्यापासून झोप नाही,” ती म्हणाली. “त्याला कुठला हिरा जबाबदार धरायचा?”

ज्या उत्तराला मी इतके दिवस भीत होतो ते हेच, असे मला वाटले. खडा घेऊन तसेच परत जावे, असा विचार क्षणभर मनात आला. परंतु आता न विचारणे हे अधिक भित्रेपणाचे ठरले असते.

“तुमची मर्जी नसेल तर अजून वेळ गेलेली नाही.”

“मर्जी नसती, तर या वीरभद्रकाकांचं नाव सांगितलं असतं का मी? कुठलीही अंगठी चालली असती मला.”

वीरभद्र उठले. चहा सांगून येतो, असे म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. चहावाला समोरच उभा होता आणि एका हाकेच्या अंतरावर होता, तरी ते त्याला ओलांडून पुढे गेले.

पुनमने मग मला विचारले की तिची बॅच मला ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हती. तिच्या वर्गातील मुलांची वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा मे महिन्यात होती आणि लग्न माघात धरले होते. दोन वर्षे ती ज्या मुलांना शिकवीत आली, त्यांना शेवटच्या काही महिन्यांत सोडून तिने अर्धापूरला यायचे, असे सर्वांनी गृहीत धरले होते. तिच्या वडिलांनी धरले, माझ्या आईने धरले. मी तर त्याचा विचारही केला नव्हता.

“मंगल कार्यालयाचं विचारलं, साड्यांचं विचारलं. हे कुणीच नाही विचारलं. मला वाटलं, तुम्ही विचाराल. रोज वाटायचं, आज विचारतील.” ती बोटावरची शाई घासू लागली. “तर तुम्ही आपले हिऱ्याचंच बोलून राहिलात.”

माझ्या कल्पनेत ती माझ्या शिक्षणाला कमी लेखत होती आणि रात्री जागून मी माझी बाजू मांडत होतो. प्रत्यक्षात ती माझ्या शिक्षणाचा विचारच करीत नव्हती. तिला स्वतःचा फळा हातातून जाताना दिसत होता. मला लाज वाटली आणि, सत्य सांगायचे तर, त्या लाजेतही माझे मन पहिल्यांदा हलके झाले. मी म्हणालो की बॅच तुम्ही सोडू नका.

“हे तुम्ही म्हणता. घरी?”

मी तेथेच आईला फोन लावला. आईने प्रथम खड्याची चौकशी केली, आणि तो मी पुनमसाठी लातूरला आणला आहे हे ऐकताच साखरपुड्याआधी वस्तू दाखवायला नेल्याबद्दल मला बोल लावला. तिचे बोलणे संपेपर्यंत मी थांबलो.

“आई, दुसरं एक हाय. लग्नानंतर परीक्षा होस्तोवर पुनम लातूरलाच राहील. मी येत जाईन.”

आईने पलीकडून लगेच विचारले.

“ही अट तिची हाय का तुझी?”

“माझी.”

“अन् मला तू इचारून राहिलास का सांगून राहिलास?”

पुनम माझ्याकडे पाहत होती.

“सांगून राहिलो, आई.”

फोन बंद झाला. मी पुनमला म्हणालो की आईचे मन वळेल, परंतु ते मला स्वतःला खात्रीचे वाटत नव्हते आणि तिलाही वाटले नसावे. वीरभद्र परत आले ते चहा विसरूनच. त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिले आणि हात पुढे केला.

“आना तो खडा. लई झालं तुमचं.”

त्यांनी चिमट्यात खडा धरून उजेडाकडे फिरविला. पिवळी झाक त्यांनाही दिसली. मी ओशाळून सांगितले की याहून चांगला होता, तो माझ्यामुळे गेला. वीरभद्र म्हणाले की चांगला होता तो होताच, आता त्याचे नाव कशाला घ्यायचे, पिवळ्या सोन्यात ही झाक फारशी कळणार नाही. नंतर त्यांनी खडा पुनमपुढे धरला. तिने भिंग लावले, आणि रोज सूक्ष्मदर्शकात पाहणाऱ्या माणसाप्रमाणे दुसरा डोळा न मिटता बराच वेळ पाहिले.

“काका, हाच बसवा. नाहीतर हे नांदेडला जाऊन चौथा घेऊन येतील.”

वीरभद्रांनी मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि तिच्या बोटात एकेक कडे घालून पाहिले. शाई लागलेल्या बोटातून कडे सहज निघेना, तेव्हा त्यांनी माप किंचित वाढविले. इतक्यात माझा फोन वाजला. आईच होती. वीरभद्राला सांग, तिने म्हटले, की कोंदणात बसवण्याआधी खडा कच्च्या दुधातून काढ. बाकीच्या गोष्टीवर ती होय म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी विचारले असता, घरी ये मग बघू, एवढेच बोलली.

दुकानातून निघालो तेव्हा पुनमच्या पुढच्या तासाला थोडाच अवधी होता. मी तिला वर्गापर्यंत सोडतो म्हणालो. गंजगोलाई ही गोलाकार आहे आणि तीतून चहूकडे सारख्याच दिसणाऱ्या गल्ल्या फुटतात. परक्या माणसाला आपण कोणत्या बाजूने आलो हे कळत नाही. मी मोठ्या आत्मविश्वासाने चालू लागलो आणि ती माझ्या बाजूने चालू लागली. आठवड्यातून किती वेळा येता येईल, याविषयी आमचा वाद झाला. केळीचा हंगाम आला की शनिवार मोकळा नसतो, असे मी म्हणालो, तर ती म्हणाली की मग आत्ताच आईंना कशाला शब्द दिला. मे महिन्यानंतरचे काय, हा प्रश्न तिने काढला. त्याचा मी विचार केलेला नाही, हे मी कबूल केले. पुढची बॅच जूनमध्ये सुरू होते, ती म्हणाली. मी म्हणालो की नांदेडलाही शिकवणी वर्ग आहेत. तिने त्यांची नावे विचारली आणि मला एकही सांगता येईना.

भांड्यांची दुकाने गेली, मग धान्याची, मग कापडाची. वीरभद्रांची कमान पुन्हा समोर आली. ते मान वर न करता कामात होते. मी थांबलो आणि कोणती गल्ली घ्यायची असे विचारले. ती जन्मापासून लातूरची. वर्गाकडची गल्ली आम्ही मघाशीच ओलांडली होती, हे तिला ठाऊक असणारच.

“चला अजून,” ती म्हणाली. “तुमचं जूनचं बोलणं अर्धवटच राहिलंय.”